निळीचा तलाव

जमिनीवर आमच्या दाजींचा कधीच विश्वास नव्हता. म्हणजे पाय ते जमिनीवरच ठेवत, अंथरूणही जमिनीवरच घालत. पण विश्वास नाही. विश्वास नकाशावर. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतली टेकडी असो, ओढा असो, रेल्वेचा पूल असो की पाटाचं वळण, ते आधी कागदावर दिसलं पाहिजे. मग प्रत्यक्षात असलं तर ठीक, नसलं तर तो त्या टेकडीचा निष्काळजीपणा. "जमिनीचं काय सांगावं," ते म्हणायचे, "आज अशी हाय, उद्या कोणी नांगरून ठेवील. नक्शा एकदा छापला की छापला." ते नकाशाला नक्शाच म्हणत, कारण निजामाच्या राज्यात त्यांच्या पहिल्या दोन-चार यत्ता उर्दूत झालेल्या. पुढं राज्य गेलं, उर्दू गेली, पण नक्शा राहिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आक्का आम्हा भावंडांत पहिली आणि मी शेंडेफळ. तिच्या लग्नात मी पाळण्यात होतो, आणि दाजींवर टाकलेल्या अक्षता माझ्याही तोंडात गेल्या असं आई सांगायची. माझ्या आयुष्यात जे काही अर्धकच्चं राहिलं ते त्यामुळंच असावं. दाजींचं लातूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर टोपी, आणि अंगावर इतकं पांढरं धोतर नि सदरा की ते दुकानात बसले की मागची स्टीलची भांडी मळकी दिसायची. धोतराला निळीची झाक हवीच. नीळ कमी पडली तर "आज धोतर आजारी दिसायलंय" म्हणायचे, आणि जास्त पडली तर काही न बोलता तसंच नेसून दिवसभर आभाळासारखे हिंडायचे.

नकाशे त्यांच्याकडं आले ते मोडीतून. लोक फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोड म्हणून आणायचे, वजन करून बदल्यात नवी न्यायचे. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा व्हायच्या थोडं आधी अशाच एका मोडीत पत्र्याचं एक लांबलचक नळकांडं आलं. आणणाऱ्याचे आजोबा म्हणे निजामाच्या काळात मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरून हिंडलेले. दाजींनी नळकांडं उलटसुलट पाहिलं, यात पाणीही राहत नाही आणि दाणेही, तेव्हा हे भांडं नव्हे एवढं ओळखलं, आणि झाकण काढलं. आतून निघाले मागं कापड लावलेले मोठाले नकाशे. काळ्या रेघेची रेल्वे, निळं पाणी, तांबडे रस्ते, आणि डोंगरांवर तपकिरी, केसासारख्या बारीक रेघा, जणू कुणी टेकड्यांना तेल लावून विंचरून ठेवलंय. आक्का सांगायची, त्या दिवशी दुपारी हे जेवायलाच आले नाहीत, म्हणून ती डबा घेऊन दुकानात गेली तर हे गादीवर ओणवे, आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी. "आत या की म्हणावं त्यांना," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "कुठून येतील? मधी मांजरा नदी हाय."

तेव्हापासून दुकानाचं तंत्रच बदललं. घागर घ्यायला आलेल्या बाईला आधी गाव विचारायचं. गाव सांगितलं की हात धुऊन, पुसून, नकाशा उलगडायचा आणि त्यावर ते गाव काढून दाखवायचं. दाखवलं की ती बाई खुश, घागर खपली. पंचाईत व्हायची ती नकाशात गाव नसलं म्हणजे. एकदा एक म्हातारा गृहस्थ काठी आपटत म्हणाला, "नसंल कसं? आमच्या मारुतीला शंभर वर्षं झाली." दाजींनी पुन्हा पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "मारुती असंल ओ. तुम्ही नंतर आला असाल." म्हाताऱ्यानं तांब्या तिथंच ठेवला आणि समोरच्या दुकानात गेला. आक्का चिडली. दाजींना मात्र वाईट वाटलं ते म्हाताऱ्याबद्दल. "बिचारा, राहतो कुठं कुणास ठाऊक," म्हणाले.

नकाशावर काही ठिकाणी तुटक रेघा होत्या. जिथं पाट काढायचा बेत होता पण काढला नव्हता, तिथं मोजणीवाल्यांनी ठिपके-ठिपके देऊन ठेवलेले. या तुटक पाटांवर दाजींचा फार जीव. कोरडवाहू गावचा एखादा शेतकरी दुकानात आला की त्याला अभिनंदन केल्यासारखं सांगायचे, "तुमच्या शिवारातून पाट गेलाय बरं का." तो डोळे मोठे करायचा. "पाणी?" "पाणी मागून येतं. आधी रेघ येती." तो शेतकरी हसावं की रडावं या विचारात एक पातेलं जास्त घेऊन जायचा. अंतर मोजायची त्यांची रीत तर घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. रेल्वे वळत जाते, नदी वळत जाते, पट्टी कुठं वळते? म्हणून दाजी करगोटा वापरायचे. कंबरेचा नव्हे, त्यासाठी वेगळा काळा करगोटा गल्ल्यात असायचा. पण बघणाऱ्याला ते काय माहीत? नांदेड ते मुदखेड असा तो रुळांवरून सरकवत न्यायचे, चिमटीत धरून खालच्या मैलांच्या पट्टीवर लावायचे, आणि समोर लग्नाची भांडी ठरवायला बसलेले व्याही-विहीण मान दुसरीकडं करायचे.

मुदखेडवरून आठवलं. मुदखेड जंक्शन आहे हे दाजींना मान्य नव्हतं. त्यांचा नकाशा छापला तेव्हा तिथून किनवटकडं जाणारा फाटा निघालेलाच नव्हता. एका नातेवाइकांकडं धर्माबादला जायचं होतं, मी तेव्हा नांदेडला नुकताच एका कचेरीत चिकटलो होतो, म्हणून दाजी आणि मी नांदेडच्या स्टेशनावर भेटलो. दोन गाड्या उभ्या होत्या. मी विचारायला निघालो तर दाजींनी धरून बसवलं. "रूळ एकच हाय. कोणत्याबी गाडीत बस, दुसरीकडं जाईल कुठं?" भूगोलात मी शाळेत गोदावरी उलटी वाहवली होती, त्यामुळं माझा आवाज अशा वेळी आपोआप बसतो. गाडी निघाली. दाजींनी डब्याला वर्णन ऐकवायला सुरुवात केली. आता पूल येईल, पूल आला. आता डाव्या हाताला दर्गा येईल, दर्गा आला. लोक माना डोलवायला लागले. एकानं विचारलं, "आप्पा, तुम्ही रेल्वेत हाव का?" दाजी म्हणाले, "न्हाई. रेल्वे माझ्याकडं हाय." मुदखेड सोडलं आणि त्यानंतर दाजी सांगतील ते काहीच येईना. उमरी म्हणाले तर भोकर आलं. तिकीट तपासणारा आला आणि म्हणाला, "ही किनवटची गाडी हाय आप्पा. धर्माबाद खाली राहिलं." दाजींनी खिडकीतून रुळांकडं वाकून पाहिलं. "हा फाटा कधी काढला?" "माझ्या जन्माच्या आधी." "मग कळवायचं की ओ," दाजी म्हणाले. तपासनीस इतका गोंधळला की त्यानं आमची माफी मागितली आणि मगच दंड घेतला.

हदगावचं लग्न तर आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. वऱ्हाडाची गाडी दाजींनी नकाशातल्या जवळच्या वाटेनं नेली, आणि गाव समोर दिसत असताना आडवा आला नवा खणलेला, कोरडा, खोल पाट. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, पाट हाय." दाजींनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "न्हाई." "समोर हाय की." "मग तो मंजुरीबिगर खणलेला हाय." वरबाप खाली उतरून कडेला बसला. पलीकडं मांडवात बायका वाट पाहत होत्या. त्या पाटानं आम्हाला अडवलं आणि तिकडं पंगतीचे पाट रिकामे राहिले, हा विनोद आमचे वडील मरेपर्यंत करत आले, आणि प्रत्येक वेळी दाजी सगळ्यांत आधी हसत आले. आपल्यावरच्या विनोदाला आपणच पहिल्यांदा हसून घ्यावं हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग रोज होतो.

आता खरी गोष्ट. लातूर जिल्हा झाला, चौकाचौकांत कमानी लागल्या, आणि पाऊस कमानी बघायला आलाच नाही. दोन-तीन पावसाळे असे ओळीनं रुसले. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुनाच. आमचं गाव, म्हणजे आक्काचं माहेर, अगदी शिवेवर. ओढ्यापलीकडं नांदेड जिल्हा. ज्वारी करपली, कापसाला बोंडं धरली नाहीत. रोजगार हमीचं काम गावात निघालं तर लोक राहतील, नाहीतर दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला निघतील आणि शिमग्यापर्यंत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतील, अशी वेळ आली होती. सरपंच म्हणजे आमचा चुलतभाऊच. त्यानं कामासाठी खेटे घातले होते. नव्या कामाच्या मंजुरीला वेळ लागणार, असं उत्तर मिळालं होतं.

त्या दिवसांत दाजी आक्काला घेऊन सासुरवाडीला आले. नळकांडं बरोबर होतंच. सरपंचाच्या ओसरीवर बैठक भरली होती, चहा झाला, आणि दाजींनी सहज म्हणून आमच्या गावाचा कागद उलगडला. बघता बघता थांबले. चष्मा त्यांना लागला होता पण ते लावत नसत; नाक कागदाला टेकवून पाहायचे. तसं पाहिलं आणि म्हणाले, "आरं, हितं तर तळं हाय."

सगळे वाकले. गावाच्या वरच्या अंगाला, ओढा दोन टेकड्यांच्या मधून बाहेर पडतो तिथं, पांढुरक्या कागदावर स्वच्छ निळा ठिपका होता. चिंचोक्याएवढा, थोडा लांबट. गावातल्या कुणालाही तिथं तळं आठवत नव्हतं. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानंही मान हलवली. दाजी म्हणाले, "तुमच्या आठवणीत नसंल. फुटलं असंल ते. नवं तळं मागितलं तर सरकार दहा वर्षं फिरवील. पण जुनं फुटलेलं दुरुस्त करायचं म्हणलं की? पुरावा हाय, निजामाच्या काळचा. टाका अर्ज." सरपंचाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. अर्ज त्याच दुपारी लिहिला गेला, आणि जावयाच्या पानात त्या दिवशी वाढायचं कुणी थांबवलं नाही.

मी सुटीला गावी आलो होतो. आक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "दाजींनी यंदा गाव राखलं बघ." तिनं एक भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, आणि मग म्हणाली, "ते तळं न्हाई रे. ती नीळ हाय."

मला कळलंच नाही. "कसली नीळ?"

"धोतराची. श्रावणात ह्यांची धोतरं बुचकळायले होते मी. हे बाजूलाच नक्शा पसरून बसलेले, तिथंच बसाव का? धोतर झटकलं आन थेंब उडाला."

"मग तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा ह्यांना दिसलं न्हाई, आन मला सांगायचा धीर झाला न्हाई," आक्का म्हणाली. "आता सगळ्या गावाला दिसायलंय."

तिनं भाकरी उलटली. तिची अडचण मला हळूहळू उमगली. सांगावं, तर जावई सगळ्या सासुरवाडीत उघडा पडणार. जो माणूस तपासनिसाला माफी मागायला लावतो त्याला बायकोच्या गावात मान खाली घालून हिंडावं लागणार. न सांगावं, तर साहेब येणार, बघणार, आणि गावानं खोटा कागद दिला म्हणून पुढची सगळी कामं अडून बसणार. नवरा एकीकडं, माहेर एकीकडं, आणि मधे एक चिंचोक्याएवढा थेंब. "काय करू सांग," ती म्हणाली. मी घरातला शिकलेला. मी बराच वेळ गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "बघू." आक्कानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की माझी भाकरी तिनं जरा कमीच भाजली असावी असं मला अजून वाटतं.

साहेब आला. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतला तरुण ओव्हरसिअर, हातात छत्री, चपलांवर धूळ. एका दिवसात पाच गावं करायची आणि पाचही गावांचा चहा प्यायचा, असा दमलेला. त्याला घेऊन सगळं गाव ओढ्याच्या तोंडाशी गेलं. दाजी पुढं, ताजं धुतलेलं धोतर, काखेत नळकांडं. बायका मागं घोळक्यानं उभ्या, त्यांत आक्का. दाजींनी मोठ्या दगडावर उपरणं अंथरलं आणि त्यावर नकाशा. साहेबाचा थकवा एकदम उतरला. "असा कागद मी फक्त शिकताना पाहिला होता," तो म्हणाला आणि कापडावरून हात फिरवायला लागला. दाजींनी आमच्याकडं असं पाहिलं की जणू तो कागद त्यांनीच विणला होता.

मग साहेबानं निळा ठिपका पाहिला. नकाशा उन्हाकडं तिरका केला. बोटाला थुंकी लावली आणि ठिपक्यावर हलकेच घासलं. बोट निळं झालं. त्यानं बोटाकडं पाहिलं, मग दाजींच्या धोतराकडं पाहिलं, आणि विचारलं, "आप्पा, हे काय आहे?"

"तळं."

"माझ्या बोटाला लागलं ते."

"जुनं हाय ना साहेब," दाजी म्हणाले, "झिरपत असंल."

दोघं-तिघं फसकन हसले, पण सरपंच हसला नाही. त्याचा चेहरा त्या नकाशाच्या कागदासारखा झाला होता. तेवढ्यात बायकांचा घोळका हलला आणि आक्का पुढं आली. आमच्याकडं बायका अशा पुढं येत नसत, तेही नवरा, सरपंच आणि साहेब उभे असताना. तिनं पदर नीट केला आणि दाजींकडं न बघता साहेबाला म्हणाली, "साहेब, ती नीळ हाय. माझ्या हातनं सांडली. ह्यांना माहीत न्हाई आन गावालाबी माहीत न्हाई."

ओढ्यात पाणी असतं तर त्याचा आवाज आला असता इतकी शांतता झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आप्पाच्या धोतराचं तळं म्हणा की." आणि मग सगळं गाव हसलं. दुष्काळात माणसं हसायची संधी सोडत नाहीत.

मी दाजींकडं पाहत होतो. भोकरच्या स्टेशनावर, हदगावच्या पाटाकाठी, त्या मारुतीवाल्या म्हाताऱ्यासमोर, कधीही हा माणूस नकाशा सोडून मागं सरला नव्हता. आता ते म्हणणार, नीळ असली तरी योग्य त्या खात्यानं टाकलेली आहे. मी वाट पाहत होतो. दाजींनी आक्काकडं पाहिलं. टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

"साहेब, चुकलं," ते म्हणाले. "नक्शा न्हाई चुकला, मी चुकलो. डोळ्यानं दिसत न्हाई आन सांगत न्हाई कुणाला. गावाचा ह्यात काय बी कसूर न्हाई. जावई म्हणून माझ्यावर इस्वास ठेवला त्यांनी. अर्ज फाडा, पण गावावर राग धरू नका." आणि मग, अगदी हळू, "आलाच हाव तर जागा तेवढी बघून जा ओ. माणसं चाललीत उसाला."

हसणं थांबलं होतं.  साहेबानं निळं बोट रुमालाला पुसलं, उकिडवा बसला आणि नकाशावर पुन्हा वाकला. या वेळी तो निळीकडं बघत नव्हता, निळीखालच्या त्या तपकिरी रेघांकडं बघत होता. मग उठला, छत्री मिटली आणि एकटाच टेकडीच्या अंगानं वर गेला. खाली आला, ओढा ओलांडून दुसऱ्या अंगाला गेला. आम्ही सगळे माना इकडून तिकडं वळवत होतो. परत आला तेव्हा घामानं भिजलेला. सरपंचाला म्हणाला, "दुरुस्ती नाही होणार. दुरुस्त करायला इथं काही नाहीच. पण दोन्ही टेकड्यांच्या रेघा इथंच जवळ येतात, बांध आखूड लागेल आणि पाणी मागं पसरेल. नवा पाझर तलाव म्हणून मोजणी करून पाठवतो. होईल असं सांगत नाही. पण पाठवतो, आणि पाठपुरावा मी करतो." मग तो आक्काकडं वळला. "बाई, नीळ जागा बघून सांडली तुम्ही."

आक्का लाजून मागं सरली. दाजींचा कणा मात्र तिथंच, सगळ्यांच्या देखत, पुन्हा ताठ झाला. "नजर हाय तिची," ते म्हणाले.

काम मंजूर झालं. दसऱ्याला नाही झालं. काही घरं ऊसतोडीला गेलीच, आणि ते मी लपवत नाही. पण हिवाळ्यात काम निघालं तसे त्यांतले बरेच परत आले. माणसांनी माती खणली, बायकांनी पाट्या वाहिल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या दोन टेकड्यांच्या मधे खरोखरच एक चिंचोक्यासारखं लांबट पाणी थांबलं. खालच्या विहिरींना ओल आली. सरकारी पाटीवर नुसतं पाझर तलाव आणि आमच्या गावाचं नाव. लोक मात्र पहिल्या दिवसापासून निळीचा तलाव म्हणतात, आणि आमच्या पोरांना तर वाटतं पाणी निळं दिसतं म्हणून तसं नाव पडलं. दाजींनी मग लातूरच्या दुकानात नकाशा दाखवायची पद्धत थोडी बदलली. गिऱ्हाइकाचं गाव कुठलंही असो, शेवटी करगोटा तिथून आमच्या ओढ्यापर्यंत सरकायचाच. "हे बघा. हा तलाव आमच्या मंडळींनी काढला." आपलं नाव ते चुकूनही घ्यायचे नाहीत. आक्का दुकानात असली की ओरडायची, "पुरं की आता, घागर द्या त्यांना." पण आवाजात राग नसायचा. त्या वर्षी तिनं माहेरी येताना पहिल्यांदाच नवऱ्याच्या पुढं चार पावलं चालून दाखवली, आणि दाजी मागून नळकांडं सांभाळत आले, हे सगळ्या गावानं पाहिलं. आमच्या घराण्यात वकील झाले, डॉक्टर झाले, मी तर कचेरीत मोठ्या टेबलापर्यंत पोचलो. पण ज्याच्या काठावर गुरं पाणी पितात असं काही काढलेलं माणूस एकच.

आक्का जाऊन आता काही वर्षं झाली. परवाच्या त्या मोठ्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी दाजींना भेटायला गेलो होतो. दुकान मुलगा बघतो. दाजी ओट्यावर बसून होते, हातात नकाशा नव्हता. मी म्हणालो, "दाजी, ऐकलं का, गाडीतून पाणी यायलंय." ते हसले. "रुळाचाच पाट केला म्हण की," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तलावाकडं नेतोस का?"

नेलं. तलाव आटला होता. भेगाळलेल्या गाळात शेळ्या काहीतरी हुंगत हिंडत होत्या. बांधावर चढायला दाजींना वेळ लागला. वर दगडावर बसले, श्वास जमवला आणि काठी उचलून समोर दाखवत म्हणाले, "ती टेकडी ओलांडली की उदगीर. सरळ रेघ."

"न्हाई दाजी," मी म्हणालो, "उदगीर तुमच्या पाठीमागं राहिलं. ते नांदेडचं अंग हाय. चुकलं तुमचं."

दाजींनी वळून माझ्याकडं पाहिलं. रागावले की काय असं मला वाटलं. पण ते कोरड्या तलावाकडं बघत म्हणाले, "लई दिवसांनी कोणीतरी चुकलं म्हणालं बघ. आता पोरं, सुना सगळी हाव हावच म्हणतात. म्हातारा हाय, असू द्या." मग म्हणाले, "पण तुझी आक्का असं लगेच म्हणायची न्हाई. ती आधी पाणी द्यायची, आन मग म्हणायची."

मी पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली. ते सावकाश प्याले. उपरण्याच्या टोकानं मिशा पुसल्या, बाटली परत दिली, आणि काठी दोन्ही हातांत धरून माझ्याकडं तोंड करून बसले.

"हां," म्हणाले, "आता सांग."